अष्टमीचं पाणी

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. मधले दोन-तीन महिने हॉस्पिटलच्या फेऱ्यांत गेले. त्याचं कारण पुढे येईलच. पण त्याआधी नातेवाइकांसाठी एक खुलासा. लग्नात भेटा, बारशाला भेटा, प्रत्येकजण एकच विचारतो, "सातपाटी ते दांडी होडी शीड लावून आणायची काय गरज होती? टेम्पो नव्हता का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमलो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

तर होडी. आमच्या मामांची. म्हणजे निम्मी आमचीच, कारण १९८८ साली बाबा आणि मामा दोघांनी मिळून ती बांधून घेतली होती. लांबी बावीस-तेवीस फूट, लाकडी, एक डोलकाठी, एक शीड. मामांनी नंतर इंजिन बसवलं, मग इंजिन विकलं, मग मोठी बोट घेतली आणि ही सातपाटीच्या खाडीत कडेला पडून राहिली. मामा गेल्या वर्षी गेले. मामेभावाला जागा हवी होती. तो स्वभावाने सरळ. म्हणाला, "आत्या, ही तोडून लाकडं करतो, नाहीतर तुम्ही घेऊन जा." आईने फोन बाबांकडे दिला. बाबा म्हणाले, "घेऊन जातो." बस. चर्चा संपली.

मी विरारला राहतो. डहाणू लोकल पकडली की बोईसर, तिथून रिक्षाने दांडी. म्हणजे फार लांब नाही, पण महिन्यातून एकदा जाणं होतं तेही खरं. त्या वेळी मी वेगळ्याच कामासाठी निघालो होतो. आई-बाबांना काही महिने तरी आमच्याकडे राहायला आणायचं, हा विषय काढायचा होता. आईचे गुडघे, बाबांचं वय, घरात दोघंच. बायकोने आणि मी वाक्यंसुद्धा ठरवून ठेवली होती. घरात पाऊल ठेवलं तर बाबा ओट्यावर बसून जुन्या शिडाला ठिगळ लावत होते. मला बघून म्हणाले, "अष्टमीला रजा काढ."

(बाबा बोलतात ती मांगेली. ती जशीच्या तशी लिहिली तर आमच्या सासुरवाडीला कळणार नाही, म्हणून इथे आपली सरळ मराठी. आणि आमच्या घरात बापाला 'तू' म्हणायची पद्धत आहे. त्यावर लग्नानंतर पहिली दोन वर्षं बरंच बोलून झालंय.)

अष्टमीच का, याचं उत्तर किनाऱ्यावरच्या माणसांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. भरतीची वेळ काढायचा आपला जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण मोबाइलवरच्या तक्त्याशी साधारण जुळतं. मी पडताळून बघितलंय.

आता अडचण बघा. सातपाटीच्या खाडीतून बाहेर पडायला पाणी हवं, म्हणजे भरतीलाच निघायचं. भरती पूर्ण झाली की लगेच ओहोटी. आपल्या किनाऱ्याला भरतीचं पाणी उत्तरेला, खंबातच्या आखाताकडे धावतं आणि ओहोटीचं दक्षिणेला. दांडी सातपाटीच्या उत्तरेला. म्हणजे निघाल्यापासून सहा तास पाणी छातीवर. इंजिन असेल तर काही वाटत नाही, नुसतं शीड असेल तर हा सगळा व्यवहार उलटा. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणाला निघालो असतो तर त्या ओढीने आम्हाला अर्नाळ्याकडे नेलं असतं. अष्टमीला भांग असतो, पाणी चढतं कमी आणि ओढतंही कमी. त्यात थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटतो, शाळेच्या भूगोलातला मतलई वारा. तो उजव्या बाजूने शिडात भरला की उत्तरेला सरळ जाता येतं. भांगाची ओहोटी आणि पहाटेचा वारा, दोन्ही एकत्र गाठायचे तर अष्टमी. हे बाबांनी मला इतकं समजावून सांगितलं नाही. त्यांनी फक्त "अष्टमी" म्हटलं. बाकीचं मी होडीत बसल्यावर समजून घेतलं. वेळ भरपूर होता.

पौषातली वद्य अष्टमी. पहाटे सहाला सातपाटीच्या धक्क्यावर थंडी मरणाची आणि डोक्यावर अर्धा चंद्र. आदल्या दोन दिवसांत बाबांनी आणि मामेभावाने फळ्यांच्या फटी भरल्या होत्या, तरी तळाला पाणी होतंच. "लाकूड फुगलं की थांबेल," बाबा म्हणाले. मी लाइफ जॅकेट घातलं. बाबांनाही दिलं. त्यांनी ते नीट घडी करून बुडाखाली घेतलं आणि सुकाणू धरलं. मला प्लास्टिकचा डबा दिला, पाणी उपसायला. एमबीए झाल्याचं इतकं सार्थक यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

खाडीच्या तोंडातून ओहोटीने आम्हाला अलगद बाहेर काढलं. तेवढंच काय ते पाणी आमच्या बाजूचं. मग बाबांनी तोंड उत्तरेला वळवलं, शीड भरलं, होडी डावीकडे कलली आणि निघाली. पुढे पाणी चुबुकचुबुक वाजायला लागलं. मला फार बरं वाटलं. लहानपणी, इंजिनं आली तरी बाबा खाडीत शीड लावायचे, ती आठवण कुठेतरी होती. उजव्या हाताला मुरबे मागे पडलं, सूर्य वर आला, नांदगावची सुरूची झाडं दिसायला लागली.

बाबा अधूनमधून विचारत होते. "चिमणी कुठेशी आली?"

चिमणी म्हणजे तारापूरच्या अणुशक्ती केंद्राची. १९६९ साली वीज द्यायला लागलेलं केंद्र. तेव्हा बाबा शाळेत होते. त्याआधीची माणसं देवळाच्या कळसावर, ताडाच्या झाडावर, टेकडीच्या टोकावर नेम धरायची. पुढे चिमणी उभी राहिली आणि ती सगळ्यांची खूण झाली. नेम म्हणजे जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू एका रेषेत आणायची. रेषा जुळली की तुम्ही कुठे आहात ते कळतं, आणि रेषा हलते कशी त्यावरून सरकताय कुठे तेही कळतं.

"नाळेच्या जरा उजवीकडे," मी सांगितलं.

"आणि झाडांची टोकं?"

"झाडं चिमणीच्या बरीच उजवीकडे."

"बरं." सुकाणू थोडं दाबलं जायचं. पुन्हा पाच मिनिटांनी तेच. मला वाटलं बाबा मला शिकवतायत. चाळीशी उलटलेल्या मुलाला आता शिकवून काय करणार, असंही वाटलं. पण मी सांगत राहिलो.

नऊच्या पुढे मजा सुरू झाली. म्हणजे मजा आता वाटते. ओहोटी ऐन भरात आली आणि वारा हळूहळू पडायला लागला. आलेवाडीच्या समोर कुणाची तरी डोल लावलेली होती, तिच्या खुणेचा निळा पिंप पाण्यावर होता. पिंप दक्षिणेकडे ताणला गेलेला, त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी असं वाहत होतं की पिंपच पळतोय असं वाटावं. आम्ही त्याच्या शेजारी आलो. नाळेखाली फेस येत होता, शीड भरलेलं होतं, मागे पाण्यावर आमच्या जाण्याची रेघसुद्धा उमटत होती. पाच मिनिटांनी बघितलं तर पिंप शेजारीच. दहा मिनिटांनी, शेजारीच. मी मोबाइल काढला. नकाशावरचा निळा ठिपका आहे तिथेच मुक्काम करून. पाण्यातून आम्ही पुढे जात होतो आणि पाणी आम्हाला घेऊन तितकंच मागे जात होतं. बेरीज शून्य.

मला राहवेना. मी वल्हं काढलं आणि मारायला लागलो. पंधरा मिनिटं जीव खाऊन मारलं. पिंप दोन हात मागे गेला. मी दम खायला थांबलो, पिंप पुन्हा शेजारी. बाबा काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा वल्हं उचलल्यावर म्हणाले, "झालं का? आता नांगर टाक."

"अरे पण आपण पोचणार कधी?"

"पाणी फिरल्यावर."

"म्हणजे दोन तास असंच बसायचं?"

"वाऱ्यात जीव नाही आता. अर्ध्या तासात पडेल. तेव्हा नांगर टाकायचा तो आत्ता टाक. आलो तेवढं तरी हातात राहील."

टाकला. तीन-चार वाव पाणी असेल. दोर ताणला, होडीने नाळ ओहोटीकडे फिरवली आणि स्थिर उभी राहिली. सव्वादहा वाजले होते. आईने दिलेल्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी सोडली. त्या क्षणाला मला लक्षात आलं की आपण सगळं आयुष्य ज्या समाजात काढलं त्याचं मुख्य जाळं हे असं उभं राहणारंच आहे. डोल कुठे जात नाही. खुंटांना बांधलेली, पाण्याच्या ओढीकडे तोंड उघडून उभी असते. बोंबील, करंदी, जे येतं ते पाणीच आणून देतं. पाणी थांबलं की माणसाने जाऊन जाळं उपसायचं आणि फिरलं की तोंड फिरवायचं. मी मात्र कंपनीत प्रत्येक मीटिंगला वल्हं मारत असतो. असो.

विषय काढायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. बाबा उठून कुठे जाणार? मी ठरवलेली वाक्यं म्हणून टाकली. विरारला दोन खोल्या मोकळ्या आहेत, डॉक्टर जवळ आहेत, नातवंडं आहेत. इथे आता राहिलंय काय? नवापूरच्या समुद्रात कारखान्यांचं सांडपाणी येतंय. त्याविरुद्ध आपल्याच मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हरित लवादात दाद मागितली, २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई भरायला सांगितली, पण तेवढ्याने काय खाडीत पूर्वीची मासळी परत येते? वर उत्तरेला वाढवणचं बंदर, ७६ हजार कोटींचं, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याचं भूमिपूजनही झालं. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा केलं, तो जाळ्यात किती येतो ते तूच सांग. मी चांगलं मुद्देसूद बोललो.

बाबांनी भाकरी संपवली. हात धुतले. म्हणाले, "सगळं खरं आहे." आणि पुन्हा गप्प.

साडेअकराच्या सुमाराला इंजिनाचा आवाज आला. मामेभाऊ. डोल काढायला पाणी थांबायच्या बेताला निघाला होता आणि आम्हाला शोधतच आला होता. त्याची बोट म्हणजे हिरवीगार, नाळेवर हातभर उंचीची पांढरी अक्षरं, वर तीन झेंडे. शंभर फुटांवर आली तेव्हा बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "कोणाची रे?"

मला वाटलं चेष्टा करतायत. मग बोट आणखी जवळ आली, इंजिनाचा ठेका स्पष्ट ऐकू आला आणि बाबांचा चेहरा सैलावला. "हां, आपला तो." डोळ्यांनी नव्हे, कानांनी ओळखलं त्यांनी. माझ्या पोटात खड्डा पडला. सकाळपासूनचे सगळे प्रश्न एकदम आठवले. चिमणी कुठेशी. झाडांची टोकं. पिंप किती लांब. माणूस शिकवत नव्हता. त्याला दिसत नव्हतं.

मामेभाऊ ओरडून म्हणाला, "फुवाजी, दोर टाकतो, अर्ध्या तासात दांडीच्या तोंडावर सोडतो!"

मी हात वर केला होता. हो म्हणायलाच. बाबा म्हणाले, "तू तुझी डोल काढ. आम्ही येतो." मामेभावाने माझ्याकडे बघितलं. आता निर्णय माझा होता. जुनी होडी, तळाला पाणी, सुकाणूवर न दिसणारा माणूस, आणि पुढे अजून चार किलोमीटर. शहाण्या माणसाने दोर घेतला असता. आई आणि बायको दोघी अजून हेच म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. मी म्हणालो, "तू इथेच आसपास आहेस ना? फोन चालू ठेव."

तो गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. डाव्याचं आधीपासून. कडेचं दिसत नाही. उजव्यात धुकं."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग होडी आणायचं का डोक्यात घेतलंस?"

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "एकट्याने जमणार नाही ते मला माहीत होतं. कोणी सांगणारं असेल तर जमतं का, ते बघायचं होतं."

यावर माझ्याकडे ठरवलेलं वाक्य नव्हतं.

सव्वाबाराला दोर सैल पडला. निळा पिंप सरळ उभा राहिला, थोडा वेळ इकडेतिकडे डोलला आणि मग हळूच उत्तरेकडे झुकला. वायव्येचा खारा वारा सुटला होता, म्हणजे आता वारा तोंडावर आणि पाणी पाठीशी. अगदी सकाळच्या उलट. पाण्यावर लाटा उभ्या राहायला लागल्या. मी म्हटलं, "वारा समोरून आहे." बाबा म्हणाले, "असू दे. शिडाने फक्त होडी हातात ठेवायची. नेणारं पाणी आहे." एकला नांगर उचलला. तिरकं समुद्रात जायचं, शीड दुसऱ्या अंगाला घ्यायचं, तिरकं किनाऱ्याकडे यायचं. प्रत्येक खेपेला नवापूर आणखी उजवीकडे सरकलेलं दिसायचं. मी न विचारता सांगत होतो. चिमणी नाळेवर आली. आता डावीकडे गेली. पुढे होडी आहे, लांब. उजवीकडे फेस फुटतोय. बाबा सुकाणू दाबत होते. दोन-तीनदा लाट आत आली, भिजलो, डबा सतत चालू. एकदा मी उजवं म्हणायच्या जागी डावं म्हणालो आणि शीड फडफडून परबाण डोक्यावरून गेलं. बाबांनी दिलेली शिवी मांगेलीतच ठेवतो.

तीनला दांडीच्या तोंडासमोर. आत अजून पाणी कमी, तिथेही तासभर वाट बघितली. या वेळी मी कुरकुरलो नाही. चारच्या पुढे भरतीनेच आत घेतलं. किनाऱ्यावर आई उभी होती. होडीपेक्षा आमच्याकडे बघत होती. जेमतेम दहा किलोमीटरला दहा तास. चालत गेलो असतो तरी आधी पोचलो असतो.

आईला त्याच रात्री सांगितलं. त्यावर जे झालं ते इथे लिहीत नाही.

पुढचं थोडक्यात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशन झालं, आता उत्तम दिसतं. डाव्यात काचबिंदू. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की त्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, थेंब नियमित घातले तर आहे ती टिकवता येईल. मी घाबरून बाबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते माझ्या आधी समजलं होतं. मी मात्र एक विचार करत राहिलो, की पावसाळ्यातच सांगितलं असतं तर. काचबिंदू दुखत नाही, कडेकडेने खात येतो, म्हणून लक्षातच येत नाही म्हणे. हे वाचणाऱ्या सगळ्या काका-मामा-आत्यांनी कृपा करून एकदा डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. टेम्पोच्या प्रश्नापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

विरारला ते ऑपरेशनपुरते तीन आठवडे राहिले आणि परत गेले. मी पुन्हा ती वाक्यं म्हटली नाहीत. त्याऐवजी आता महिन्यातून दोनदा जातो. यातून वाढवणचं काही होणार नाही की नवापूरचं पाणी निवळणार नाही, हे मला कळतं. आहे तेवढं हातात राहावं, इतकंच.

परवा फोन आला होता. थेंब घातले का विचारलं तर "घातले" म्हणून तो विषय संपवला आणि म्हणाले, "येत्या दशमीला साडेसातचं पाणी आहे."

मी रजा टाकली आहे.